अकरा मिसकॉल

३ मार्च, सोमवार

ज्या सभेला आपण जात नाही, तिथेच आपली निवड होते. काल सुप्रभात सोसायटीची सभा होती. मी घरी दाढी करत होतो. एक गाल संपेपर्यंत सचिव झालो होतो. बायकोला, इंद्रायणीला, सांगितलं. ती म्हणाली, "पगार?" मी म्हणालो, "मान." ती म्हणाली, "मग दुसराही गाल करून घ्या."

कामाचं स्वरूप असं. जुळे सोलापुरात आमच्या भागाला चार दिवसांनी पाणी येतं. ते आधी सोसायटीच्या टाकीत साठतं आणि पाण्याच्या दिवशी पहाटे साडेपाचला आमचा व्हॉल्वमन संगप्पा टाकीखालचं मोठं चाक फिरवून ते चार गल्ल्यांना सोडतो. पण अध्यक्ष वीरभद्रप्पांचा मिसकॉल आल्याशिवाय तो चाकाला हात लावत नाही. अठरा वर्षांची शिस्त आहे. अप्पांचा टॉवेलचा कारखाना आहे, पहिल्या गल्लीच्या तोंडाला बंगला आहे, बंगल्यापुढे हिरवळ आहे आणि हल्ली रक्तदाबाची नवी गोळी आहे. त्या गोळीने त्यांना गेल्या महिन्यात दोनदा झोप लागून राहिली आणि आख्खी सोसायटी कोरडी राहिली. म्हणून ठराव झाला: मिसकॉल ऑटोमॅटिक करा. करून देणार चौथ्या गल्लीतली चैताली, पुण्यात मोठ्या कंपनीत असते ती. फुकट. बघणार कोण? सचिव. तोही फुकट.

५ मार्च

चैतालीने व्हिडिओ कॉलवर दीड तास शिकवणी घेतली. कॉलेजच्या ऑफिसात अठ्ठावीस वर्षं काढलेला माणूस, अधीक्षक, आणि समोर पंचविशीतली पोर. मी वही घेऊन बसलो.

तीन सर्व्हिस आहेत. एक वेळापत्रक बघते, एक सोसायटीच्या लोकांना "पाणी सुटत आहे" असा निरोप पाठवते, आणि तिसरी संगप्पाला मिसकॉल देते. हे सगळं क्लाउडवर चालतं. (क्लाउड आणि पाणी हा विनोद आतापर्यंत सोसायटीत चौदा जणांनी केला आहे. मी पंधरावा होणार नाही.) कुठली सर्व्हिस किती कॉप्यांत चालवायची हे एका फाईलमध्ये लिहिलेलं असतं. आकडा बदलून जतन केलं की यंत्र आपोआप जुनं उतरवतं, नवं चढवतं. वर एक देखरेख करणारा प्रोग्राम असतो. तो दर अर्ध्या मिनिटाला प्रत्येक कॉपीला विचारतो, आहेस का? तीनदा उत्तर आलं नाही की तिला मारतो आणि तिच्या जागी नवी उभी करतो. आमच्या कॉलेजात हा बसवला तर संध्याकाळपर्यंत सगळा स्टाफ नवा असेल.

"मग मी काय करायचं?" मी विचारलं.

"त्या देखरेख करणाऱ्यावर देखरेख, काका."

मी लगेच एक नियम घातला. फाईलमधला कुठलाही आकडा बदलायचा तर कारण लेखी हवं आणि ठराव हवा. तोंडी काही चालणार नाही. ती म्हणाली, "फार छान नियम आहे काका. आत्ताच घालून ठेवते." आणि खरंच ठेवला, आता कारण लिहिल्याशिवाय फाईल जतनच होत नाही. या पिढीला शिस्त आवडते हे बघून बरं वाटलं. मी विचारलं, पुण्यात बसून आमच्या पाण्याची एवढी हौस का गं? हसून म्हणाली, "पाण्याची मला लहानपणापासून फार ओढ आहे, काका."

गुणी मुलगी आहे. तिच्या घरावर मात्र 'घर विकणे आहे' अशी पाटी लागलेली आहे म्हणे. एवढी हवेशीर गल्ली, शेवटची, वर्दळ नाही. माणसं का सोडून जातात कळत नाही.

६ मार्च

आज पाण्याचा दिवस. शेवटचा, अप्पांच्या हातचा. संगप्पाला समजावायला टाकीवर गेलो. संगप्पा मंद्रूपचा, साठीला आलेला, बटणांचा फोन वापरतो आणि तो कमरेच्या पिशवीत सुपारीबरोबर ठेवतो.

"सायेब, मिसकॉल आता तुमी देणार व्हय?"

"मी नाही. यंत्र देणार."

"किती?"

"किती म्हणजे? द्यायचा तेवढा देईल. त्याला सगळं कळतं."

"त्येला कळतं व्हय?" त्याने सुपारी इकडची तिकडे केली. "मग लई बरं. मी आपला वाजंल तसं फिरवतो."

खेड्यातल्या माणसाला यंत्राचं काही समजावणं कठीण. पण आज्ञाधारक आहे.

१० मार्च, सोमवार

शुभारंभ. साडेपाचला मी अंघोळ करून लॅपटॉपसमोर बसलो. तिन्ही सर्व्हिस हिरव्या. निरोप गेला, मिसकॉल गेला, नोंद झाली. मी स्वतःच्या पाठीवर थाप मारणार, तेवढ्यात फोन सुरू झाले.

नळाला करंगळीएवढी धार. दुसऱ्या गल्लीतले ईश्वरप्पा म्हणाले, "सचिव, यापेक्षा माझ्या कुलरला जास्त पाणी गळतं." तिसरी गल्ली आली, घागर वाजवून गेली. अप्पांच्या हिरवळीवरची नळी नुसती खाकरत होती. आमचा हौद अर्धाच भरला, त्यामुळे इंद्रायणीला ओटा आणि मला स्कूटर धुता आली नाही, आणि ती दिवसभर माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलली.

लॅपटॉपवर सगळं हिरवं होतं. हिरवळ सोडून सगळं.

चौथ्या गल्लीतून एकही तक्रार आली नाही. समाधानी माणसं.

११ मार्च

चैतालीला फोन केला. ती म्हणाली, सर्व्हिस ठणठणीत आहे, पण एकच कॉपी चालते आहे. एवढ्या महत्त्वाच्या कामाला एकीवर कसं भागेल? "दोन ठेवा, तीन ठेवा, सोसायटीनं ठरवावं. काका, तुम्ही अप्पांनाच विचारा ना. आकडा त्यांच्या तोंडून येऊ दे. वडीलधारे आहेत."

गेलो. अप्पा हिरवळीवर खुर्ची टाकून बसले होते. मी कॉप्यांचा अर्थ समजावला. म्हणालो, दोन कराव्यात.

"दोन?" अप्पांनी पेपर खाली ठेवला. "सुबोधराव, लग्नात पाकिटात तुम्ही दोनशे घालता?"

"दोनशे एक."

"मग? समईत वाती दोन घातल्या तर घरातली बाई ओरडंल. शुभकामाला आकडा सम ठेवू नये. अकरा करा."

"अकरा जरा जास्त..."

"गणपतीला आम्ही अकरा हजार एकशे अकरा देतो. कधी काही कमी पडलं? अकरा. लिहा."

मी लिहिलं: 'मिसकॉल सर्व्हिसच्या कॉप्या एकाऐवजी अकरा करण्यात याव्यात. कारण: शुभ.' अप्पांनी शाईच्या पेनाने सही केली, शिक्का मारला. चैतालीला कळवलं तेव्हा ती पलीकडे बराच वेळ हसत होती. मग म्हणाली, "ठरावाचा फोटो पाठवा काका. शिक्का दिसेल असा." एवढी काटेकोर मुलगी मी ऑफिसात पाहिली नाही.

निरोपाच्या सर्व्हिसलाही मी त्याच ठरावाखाली स्वतःहून अकरा केलं. एकीला शुभ आणि दुसरीला नाही, बरं दिसत नाही.

१४ मार्च, शुक्रवार, धुळवड

साडेपाचपासून सोसायटीतल्या प्रत्येक माणसाला "पाणी सुटत आहे" असे अकरा निरोप गेले. ईश्वरप्पांनी मला लिहिलं: "समजलं. समजलं. समजलं." आठ वेळा आणखी.

पण पाणी! नळ उघडला तर बादली निसटून न्हाणीघरभर फिरली. आणि नेहमी साडेनऊपर्यंत चालणारं पाणी सातलाच बंद. आमचा हौद काठोकाठ भरला, पण धुणंपुसणं करायला वरचं काही उरलं नाही. अप्पांच्या हिरवळीला तर पाऊण तासच मिळाला. ते फोनवर म्हणाले, "पाणी गेलं कुठं?" मी म्हणालो, पाईप फुटला असणार, शोधतो.

शोधलं. पहिल्या गल्लीत ओल नाही, दुसरीत नाही, तिसरीत नाही. चौथीकडून मात्र आरडाओरडा येत होता. कोपऱ्यावरून डोकावलो: पोरं धुळवड खेळत होती, ती पण बादल्या भरभरून. बायका दारात पिंपं घासत होत्या. कुणीतरी टँकर मागवला असावा. सणाला माणसं उधळपट्टी करतात.

१५ मार्च

निरोप अकरा वेळा जातो ही चूक आहे, असं चैतालीला कळवलं. तिने दहा मिनिटांत दुरुस्त केली. अकरा कॉप्या राहतील, पण त्या आपसात ठरवून एकच निरोप पाठवतील. मी विचारलं, मिसकॉलचं पण तसंच करायचं का? म्हणाली, "त्याला ठराव आहे ना काका. ठरावाला मी कसा हात लावू?"

बरोबर आहे. माझाच नियम.

१८ मार्च, मंगळवार

आज पहाटे मिसकॉल देऊन झाल्यावर दोन कॉप्या पडल्या. देखरेखवाल्याने तीनदा विचारलं, त्या बोलल्या नाहीत, त्याने मारल्या आणि नव्या उभ्या केल्या. नव्यांना आल्या आल्या कामाचा उत्साह. त्यांनीही एकेक मिसकॉल दिला. मी हे सगळं डोळ्यांनी बघितलं आणि काहीही केलं नाही. देखरेख यालाच म्हणतात.

सहाला संगप्पा दारात.

"सायेब, आज तेरा वाजलं."

"काय तेरा?"

"मिसकॉल. चाकाला आटे हायत अकरा. वरच्या दोनाचं काय फिरवू?"

मी त्याला आत घेतलं. इंद्रायणीने चहा ठेवला. त्याने बशीत ओतून प्यायला, आणि मग मला जे कळलं ते असं: एका मिसकॉलला चाकाचा एक आटा. अप्पा अठरा वर्षं दर पाण्याच्या दिवशी मोजून चार मिसकॉल द्यायचे. संगप्पा चार आटे फिरवायचा. यंत्राने पहिल्या दिवशी एक दिला, त्याने एक फिरवला. अकरा दिले, अकरा फिरवले. व्हॉल्व पहिल्यांदाच पुरता उघडला.

"अरे, मग तू मला आधी सांगायचंस!"

"तुमीच म्हनलासा, त्येला सगळं कळतं."

"आणि आज वरचे दोन?"

"ते व्हय. अप्पांच्या बागेचा नळ दोन आटे आवळला. वाजलंय म्हनल्यावर कुटंतरी फिरवायला पायजे की."

हे सांगताना त्याचा चेहरा इतका निरागस होता की मला त्याची कीवच आली.

तो गेल्यावर कागद घेऊन बसलो. चार आटे म्हणजे बारीक पाणी, चार तास. पहिल्या दोन गल्ल्यांतले हौद आणि मोटारी ते वाटेतच ओढून घेणार. तिसरीला उरलंसुरलं. चौथीला... पेन खाली ठेवून मी स्वयंपाकघरात गेलो.

"चौथ्या गल्लीला पाणी कसं येत होतं?" मी इंद्रायणीला विचारलं.

"येत नव्हतं," ती म्हणाली. "तुम्हाला माहीत नव्हतं?"

१९ मार्च, रंगपंचमी

या सोसायटीत सोळा वर्षं राहतो. चौथ्या गल्लीत आज पहिल्यांदा आत गेलो. पाटी सापडली: पांढऱ्या पत्र्यावर निळ्या अक्षरांत 'घर विकणे आहे'. खाली चैतालीची आजी, चांगुणाबाई, पायरीवर बसून लसूण सोलत होत्या. वय सत्तरच्या पुढे. मला बघून त्यांनी चष्मा वर केला.

"या सचिव. गल्ली सापडली व्हय?"

मी म्हणालो, पाण्याची चौकशी करायला आलोय.

"लवकर आलासा." त्यांनी आत हाक मारली. "धम्मप्रिया, सचिवास्नी तांब्या आण. आपल्याच नळाचं हाय म्हनाव."

धम्मप्रिया त्यांची सून, चैतालीची आई, दवाखान्यात सिस्टर आहे. तांब्या हातात देत म्हणाली, "सर, इतकी वर्षं पाण्याच्या दिवशी मी ड्यूटी बदलून घ्यायचे. ठेल्यावर पिंप घालून तिसऱ्या गल्लीत उभं राहायचं. मी नसले की या जायच्या. दिवाळीत तिथंच पडल्या, मनगट मोडलं. तेव्हा पाटी लावली."

"पाटी सोडा," चांगुणाबाई म्हणाल्या. "सचिव, तुमच्या मंडळी ओटा धुतात न्हवं नळीनं? त्येचं पाणी गटारीकडं जायचं, तितं मी दोनदा कळशी लावलीय. झाडाला घालायला. तुमी खिडकीत पेपर वाचत हुतासा."

त्या रागाने बोलल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्या लसूण सोलत बोलल्या.

मी म्हणालो, आता पाणी येतंय, पाटी काढा.

धम्मप्रिया म्हणाली, "एकोणतीसची महिन्याची सभा होऊ दे सर. आकडा राहतो का बघू. मंद्रूपचं गिऱ्हाईक पाडव्याला येणार आहे. पाणी राहिलं तर घर राहील."

तांब्यातलं पाणी सगळं प्यायलो. टाकवेना.

२२ मार्च

अप्पांना संगप्पाकडून सगळं कळलं. (की संगप्पाने कळवलं? तो एवढा बोलका कधी झाला?) मला बोलावणं. हिरवळ कडेने पिवळी पडली आहे.

"चार करा," अप्पा म्हणाले.

"ठराव..."

"सुबोधराव, मी तुमच्या कॉलेजच्या संस्थेवर आहे. ठराव मला शिकवू नका. सभेत करू. तुम्ही फक्त मांडा."

चैतालीला फोन केला. "एका मिनिटात होतं काका," ती शांतपणे म्हणाली. "फक्त कारण लेखी द्या आणि सभेची मंजुरी." यावेळी हसली नाही.

इथे खरं लिहितो, कारण ही वही कुणी वाचत नाही. मला चार आटेच सोयीचे आहेत. स्कूटर धुवायला मला आवडतं. निवृत्तीला सहा वर्षं आहेत आणि अप्पा संस्थेवर आहेत. मी सगळ्या जगाची टिंगल करतो. टाकीपासून दुसऱ्या घरात बसून करतो.

२६ मार्च

अकरा. सातला बंद. नळी शोधत होतो, मिळेना.

"चांगुणाबाईंना दिली," इंद्रायणी म्हणाली. "आता त्यांना लागेल."

"आणि स्कूटर?"

"फडक्यानं पुसा. अंगात मान आहे, हातातही येऊ दे थोडा."

२९ मार्च, शनिवार

सभा. आमच्या सभा नेहमी पाण्याच्या दिवशी सकाळी होत असत. यावेळी हॉल मोकळा होता म्हणून मी शनिवार संध्याकाळ धरली, आणि चौथी गल्ली सगळीच्या सगळी आली. इतकी वर्षं त्या वेळी ती माणसं पिंपं घेऊन उभी असत, हे माझ्या लक्षात आज आलं. खुर्च्या कमी पडल्या. चांगुणाबाई पहिल्या ओळीत.

अप्पांनी विषय मांडला: कॉप्या अकराऐवजी चार कराव्यात.

मी फाईल उघडून प्रोजेक्टरवर टाकली. दोनदा चुकीची कळ दाबली. लोकांना वाटलं यंत्र नवं आहे म्हणून. पडद्यावर जुना ठराव आला, शिक्क्यासकट: 'अकरा. कारण: शुभ.' त्याखाली रिकामी चौकट: 'बदलाचं कारण.'

"अप्पा, कारण सांगा. लिहितो."

"कारण काय... अकरा जास्त होतात."

"कुणाला?" चांगुणाबाईंनी विचारलं.

ईश्वरप्पा खोकले. अप्पा म्हणाले, "पाणी सातलाच संपतं."

"संपंना. सगळ्यांचं भरून संपतंय न्हवं?"

"बागेचं..." अप्पा बोलले आणि थांबले. शंभर माणसांसमोर हिरवळ हा शब्द त्यांच्या तोंडातून निघेना. माणूस वाईट नाही. फक्त इतकी वर्षं त्याने चार मिसकॉल कुशीवर वळून दिले होते, आणि कुशीवरून चौथी गल्ली दिसत नाही. ती मला खिडकीतूनही दिसली नव्हती.

मी घसा साफ केला. "अप्पा, शुभ म्हणून अकरा केले होते. आता काढायचे तर मी कारण काय लिहू? अशुभ?"

"पाडव्याच्या आदल्या दिवशी?" अप्पा दचकले.

"तुम्ही सांगाल ते लिहितो. चौकट रिकामी ठेवली तर यंत्र घेत नाही."

अप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझी निवृत्ती सहा वर्षांवरून जवळ सरकल्यासारखी वाटली. मग त्यांनी शाईच्या पेनाला टोपण लावलं. "राहू दे," म्हणाले. "असू दे अकरा."

मागून संगप्पा उठला. "अप्पा, बागंसाठी तुमी येगळा एक मिसकॉल द्या की. एक आटा मी सोडतो."

सभा हसली. शेवटी अप्पाही हसले, पण उशिरा.

३० मार्च, रविवार, पाडवा

पहाटे लॅपटॉप उघडला नाही. टाकीवर गेलो. संगप्पाच्या पिशवीत फोन अकरा वेळा वाजला आणि प्रत्येक वेळी त्याने चाक एकदा फिरवलं. मग बाराव्यांदा वाजला. "अप्पा," तो म्हणाला, आणि उठून बागेच्या नळाकडे गेला.

चौथ्या गल्लीत गुढ्या लागल्या होत्या. मंद्रूपचा माणूस घर बघून, चहा पिऊन, तांब्याभर पाणी पिऊन परत निघालेला भेटला. "इकायचं न्हाय म्हनत्यात," तो वैतागून म्हणाला. "मग पाटी कशाला लावायची?"

पाटी दारावर नव्हती. अंगणात नवं निळं पिंप होतं, काठोकाठ भरलेलं, आणि त्यावर झाकण म्हणून तो पत्रा आडवा टाकला होता. चांगुणाबाईंनी वर तांब्या उपडा घातला होता. 'विकणे आहे' त्याच्याखाली गेलं होतं. 'घर' तेवढं दिसत होतं.

"सचिव, चांगला पत्रा हाय," त्या म्हणाल्या. "वाया कशाला घालवायचा."

घरी आलो तर चैतालीचा निरोप: "काका, सगळं हिरवं आहे ना?"

लिहिलं, आहे.

पोरगी हुशार आहे, पण निरोपासारखी मिसकॉलची दुरुस्ती करायची तिच्या डोक्यातून साफ गेलेली दिसते. मी काही तिला आठवण करून देणार नाही.